उभ्या गाडीचा दिवस कितीला पडतो? गोव्यातल्या मालक-चालकासाठी ट्रकचा हिशेब

'वेर्ण्याहून पुण्याला माल आहे, सतरा हजार देतो, येतोस का?' दलालाच्या या फोनला हो म्हणायचं की नाही हे ठरवायला दोन आकडे तोंडपाठ लागतात. गाडी एक दिवस नुसती उभी राहिली तर किती जातात, आणि एक किलोमीटर चालली तर किती. डिझेलचा दर आणि हप्ता सगळ्यांना पाठ असतो. हे दोन आकडे विचारले की मात्र अंदाज सांगितला जातो, आणि नुकसान त्या अंदाजातच लपलेलं असतं.

समजा गाडी सहाचाकी आहे, १८.५ टन एकूण वजनाची. खालचे आकडे धरलेले आहेत. तुमचे स्वतःचे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. महिन्याला बँकेचा हप्ता ४५,०००, विमा ६,०००, परमिट-टॅक्स-फिटनेस ३,०००, पार्किंग-फोन-जीपीएस १,०००. आणि स्वतःचा पगार २५,०००. हा पगार बहुतेक जण धरतच नाहीत. मग वर्षअखेर जो 'नफा' दिसतो तो नफा नसून तुमचीच ड्रायव्हरकी असते, जी दुसऱ्याच्या गाडीवर हप्त्याच्या काळजीशिवाय मिळाली असती. एकूण ८०,०००. महिन्यात २५ दिवस काम धरलं तर उभ्याचा खर्च दिवसाला ३,२००.

आता चालत्याचा. डिझेल ९० रुपये लिटर आणि भरली-रिकामी मिळून गाडी सरासरी लिटरला ५ किलोमीटरची, म्हणजे १८ रुपये. सहा टायर एक लाख वीस हजारांचे आणि साठ हजार किलोमीटर चालतात, म्हणजे २ रुपये. ऑइल, फिल्टर, ब्रेक लायनिंग, क्लच यांचे २ रुपये ४० पैसे. बीएस-६ गाडी असेल तर डीईएफचे (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाच्या द्रवाचे) साठ पैसे. झाले २३ रुपये किलोमीटरला, टोल सोडून.

वेर्णा ते पुणे अनमोड-बेळगावमार्गे सुमारे ४८० किलोमीटर, जाऊन-येऊन ९६०. चालत्याचा खर्च २२,०८०, टोल ४,००० धरा, तीन दिवसांचे ९,६००, जेवण, वराई (माल भरता-उतरवताना हमालांना द्यायचे पैसे) आणि किरकोळ मिळून १,५००. फेरी ३७,१८० ला पडली. जातानाचं भाडं १७,००० आणि येतानाचं २४,००० असेल तर ३,८२० उरले. पण पुण्यात परतीच्या मालासाठी दोन दिवस जास्त थांबलात तर ६,४०० गेले, आणि तीच फेरी २,५८० तोट्यात. खिशात रोकड दिसतेय, म्हणून हा तोटा त्या दिवशी कळत नाही. हप्त्याच्या तारखेला कळतो.

परतीचं भाडं निवडताना हाच आकडा वापरायचा. आज १९,००० चा माल तयार आहे आणि दोन दिवसांनी २४,००० चा मिळेल म्हणतात. चोवीसमधून दोन दिवसांचे ६,४०० वजा केले की १७,६०० राहतात. आजचा उचला. एक मेख मात्र आहे: गोव्यात पुढचं भाडं ठरलेलंच नसेल तर घरी येऊनही गाडी उभीच राहणार आणि ३,२०० तिथेही जाणार. म्हणून पुण्यात माल शोधण्याआधी गोव्यातल्या पुढच्या भाड्यासाठी दोन फोन करावेत. मग थांबायचं की निघायचं हे आपोआप ठरतं.

गोव्याचा माल: येणारा जास्त, जाणारा कमी

गोवा खाणारं राज्य आहे. भाजीपाला बेळगावहून, किराणा आणि बांधकामाचं सामान घाटावरून आणि मुंबई-पुण्याकडून. बाहेर जाणारा माल मुख्यतः वेर्णा, कुंडई, मडकई, कुंकळ्ळी, पिसुर्ले, तुये अशा औद्योगिक वसाहतींतला आणि मुरगाव बंदरातला. त्यामुळे गोव्यातून निघतानाचं भाडं पडेल असतं आणि येतानाचं बरं. जो मालक गोव्यातून मोठं भाडं मिळण्याची वाट बघतो, त्याची गाडी जास्त उभी राहते. जातानाच्या भाड्याने डिझेल-टोल सुटला तरी निघावं, आणि खरी घासाघीस परतीच्या टोकाला करावी. पुणे, भिवंडी, बेळगाव, हुबळी या ठिकाणी दोन-दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी कायमची ओळख ठेवली आणि 'परवा सकाळी रिकामा होतोय' हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगितलं, तर प्रत्येक फेरीतला निदान अर्धा दिवस वाचतो.

एक मोह टाळा. नॅशनल परमिटवरची गोव्याची गाडी पुण्यात भरून कोल्हापुरात उतरवता येत नाही. परराज्याच्या आतल्या आत माल भरणं-उतरवणं हा परमिटचा भंग आहे. परतीच्या वाटेवर 'कोल्हापूरपर्यंत एवढं टाक ना' म्हणणारा नेहमी भेटतो; पकडल्यावर दंड भरायला तो येत नाही.

खाणीच्या मालाबद्दल. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. दोन्ही वेळा सावर्डे, कुडचडे, डिचोली, साखळी पट्ट्यात कर्जावर घेतलेले टिपर अंगणात गंजत उभे राहिले. खाणपट्ट्यांच्या लिलावानंतर आता काम हळूहळू सुरू होतंय, पण पावसाळ्यात ते थांबतं हे धरूनच चला. आठ महिन्यांच्या कमाईत बारा हप्ते बसले पाहिजेत. टिपर दुसऱ्या मालाला फारसा चालत नाही, म्हणून केवळ खनिजाच्या भरवशावर नवा टिपर कर्जाने घेणं हे आमच्या मते आजही धाडसच आहे. उघडी बॉडी किंवा बंद कंटेनर बॉडी असेल तर एक माल आटला की दुसरा धरता येतो.

पत्रादेवी ते पोळे एवढ्याच टापूत, म्हणजे गोव्यातल्या गोव्यात धंदा करायचा असेल तर हिशेब उलटा होतो. किलोमीटर थोडे, त्यामुळे चालत्याचा खर्च किरकोळ. सगळा खेळ दिवसात किती फेऱ्या बसतात याचा. खडी, चिरे, सिमेंट अशा मालात भाडं ठरवताना 'उतरवायला माणसं किती आणि किती वाजता' हे आधी विचारा. दोन हमालांनी चिऱ्याची गाडी उतरवली की दुसरी फेरी गेली. रेतीच्या बाबतीत वैध वाहतूक पास हातात आल्याशिवाय गाडी डेपोतून हलवू नका. पास नसेल तर नुसता माल नव्हे, गाडीही जप्त होते.

गाडी घेताना

जुनी गाडी घेत असाल तर रंग आणि टायर बघण्याआधी खाली आडवं व्हा. खाऱ्या हवेने चॅसीचे जोड, एअर टँकचे पट्टे आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या आधी गंजतात. खाणीवर चाललेल्या गाडीत स्प्रिंग हँगरजवळ आणि मागच्या क्रॉस मेंबरला वेल्डिंगचे ठिगळ सापडतात. ताजा काळा रंग तिथेच मारलेला असतो. हातोडीने टकटक करून आवाज ऐका. चॅसीला वेल्डिंग असेल तर किंमत पाडून मागू नका, सोडून द्या.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० हस्तांतरणाचे, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. थकलेली ई-चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून दिसतात. ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर लावा. आणि वय मोजा: दोन ॲक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट १२ वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टीॲक्सलला, म्हणजे दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला, १५. नऊ वर्षांची सहाचाकी स्वस्त मिळाली तर ती लाइनवर, म्हणजे राज्याबाहेर, तीनच वर्षं चालणार, मग गोव्यातच फिरवावी लागणार. हप्त्यांची मुदत त्यापुढे जाऊ देऊ नका.

वजन

२०१८ मध्ये ॲक्सल लोड वाढवून सहाचाकीला १८.५ टन आणि दहाचाकीला २८.५ टन एकूण वजनाची मुभा मिळाली. तुमच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जो आकडा आहे तोच लागू. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, पण आरसीवरचं नव्हे. बॉडी, ताडपत्र्या, रस्से, स्टेपनी, भरलेली टाकी धरून एकदा काट्यावर रिकामी तोलून घ्या आणि ती काटापावती गाडीत ठेवा. आरसीपेक्षा बरेचदा काही क्विंटल जास्तच निघते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. तीन टन जास्त भरले तर २६,०००. टनाला १,४०० भावाने त्या तीन टनांचं भाडं मिळतं ४,२००. म्हणजे सहा-सात फेऱ्या सुटलात आणि एकदा सापडलात तरी हाताशी काही उरत नाही. टायर, स्प्रिंग आणि घाटातले ब्रेक अजून मोजलेलेच नाहीत. माल डाल्याबाहेर आला तर त्याचा दंड २०,०००, आणि काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. चिरे नगावर मोजून घेऊ नका. पावसाने भिजलेला चिरा पाणी पितो आणि तेवढ्याच नगांचं वजन वाढतं.

घाट आणि पाऊस

बेळगावहून भरून येताना अनमोड उतरणं हे या धंद्यातलं सगळ्यात महागडा अर्धा तास आहे. चढताना जो गिअर लागला असता तोच गिअर उतरणीच्या तोंडाशीच टाका, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा आणि पायाचा ब्रेक दाबून-सोडून वापरा. सतत टेकवलेला पाय ड्रम तापवतो, तापलेला ड्रम फुगतो, लायनिंग त्याच्यापासून लांब जातं आणि पेडल असूनही ब्रेक लागत नाही. जळका वास आला की रुंद जागी थांबा, चाकांना दगड लावा, थंड होऊ द्या. ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचवणारे आहेत; ते वाचवतात तेवढं डिझेल एका चहाच्या किमतीचं असतं.

गोव्याच्या दमट हवेत एअर टँकमध्ये पाणी साचतं. रोज संध्याकाळी ड्रेन वॉल्व्हची साखळी ओढून ते काढा. दहा सेकंदांचं काम. नाही काढलं तर पाणी ब्रेकच्या वॉल्व्हपर्यंत जातं, आतून गंज धरतो आणि हवा धरेनाशी होते. निघताना गेज पूर्ण चढल्यावर इंजीन बंद करून पाच मिनिटं बघा. काटा उतरताना दिसला तर गळती आधी शोधा.

पावसाळ्यात अनमोड आणि चोर्ला दोन्ही घाटांत दरडी येतात, रस्ता खचतो, आणि अवजड गाड्यांना बंदीचे आदेश निघतात. माल भरण्याआधी दोन्ही बाजूंची स्थिती विचारा, कारण मोलेपर्यंत जाऊन परत फिरणं म्हणजे एक दिवस आणि शंभरावर किलोमीटर. चवथीच्या दिवसांत महाराष्ट्र सरकार मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्यावरच्या गाड्यांना ठरावीक तारखांना बंदी घालतं. ते दिवस सर्व्हिस, फिटनेस आणि लायनिंग बदलण्यासाठी आधीच राखून ठेवा. गाडी उभीच राहणार आहे, तर निदान मेस्त्रीकडे उभी राहू दे.

मुंबईच्या बाजूला फेरी असेल तर कोकण रेल्वेची रोरो सेवाही हिशेबात घ्या. कोलाड ते वेर्णा ट्रक वॅगनवर चढवून नेतात, १९९९ पासून. रस्त्याचे ४०० किलोमीटर धरले तरी २३ रुपयांनी ९,२०० होतात. त्यात टोल मिळवा आणि रोरोच्या त्या दिवशीच्या भाड्याशी ताडून बघा. मालाची उंची मापात बसली पाहिजे, आणि रेल्वे सुटण्याची वाट बघण्यात दिवस गेला तर ३,२०० पुन्हा वजा. पावसाळ्यात आणि अंगात थकवा असताना ती बरी पडते.

ताडपत्री मंगळुरी कौलांसारखी घाला: आधी मागचा तुकडा, मग त्याच्यावर चढलेला पुढचा. उलटं केलं तर धावत्या गाडीत वारा जोडातून शिरतो आणि पाणी आत जातं. भिजलेल्या मालाची कपात बाकीतून होते आणि ती जवळजवळ नेहमी वाहतूकदाराच्याच माथी मारतात. म्हणून भरताना, ताडपत्री बांधून झाल्यावर आणि उतरवण्याआधी असे तीन वेळा फोटो काढा.

टायर आणि डीईएफ

पुढच्या दोन चाकांना नवेच टायर, रिट्रेड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) फक्त मागे. जोडचाकांत एक नवा आणि एक झिजलेला लावला तर सगळा भार मोठ्या टायरवर येतो, तो तापतो, आणि छोटा रस्त्यावर घासत जातो. दोन्ही लवकर जातात. खडी-चिऱ्याच्या साइटवरून बाहेर पडलात की जोडचाकांच्या मधे अडकलेला दगड काढा. वेग वाढल्यावर तो साइडवॉल कापतो किंवा मागच्या गाडीची काच फोडतो. हवा थंड टायरमध्येच तपासा. धावून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून सोडून देणं ही जुनी चूक आहे.

डीईएफ डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के लागतं. बादली सीलबंद घ्या. त्यात युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के असावं लागतं. घरी युरिया विरघळवून किंवा पाणी मिसळून भरलं की इंजेक्टरवर खडे जमतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजीनची ताकद कमी होते, आणि हे हमखास चढावर होतं. दुरुस्तीचं बिल वर्षभराच्या डीईएफपेक्षा मोठं येतं.

कागद, कर, विमा

पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचं ऑनलाइन काढायचं वाहतुकीचं कागदपत्र) लागतं आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. वेर्णा-पुण्याला तीन दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे पाठवणाऱ्याला फोन करून लगेच करायला लावा. दुसऱ्या गाडीत माल घातला तर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर चढलाच पाहिजे.

भाडं ट्रान्सपोर्टवाल्यामार्फत घेत असाल तर बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) त्याचीच फाडू द्या. स्वतः बिल्टी काढायला लागलात की जीएसटीच्या नजरेत तुम्ही गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी होता आणि नियम बदलतात. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असतील तर पॅनसह लेखी घोषणापत्र द्या, म्हणजे टीडीएस कापला जात नाही. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. आयकराला १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एई असं होतं: १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या दर टनाला महिना १,००० रुपये उत्पन्न धरायचं. १८.५ टनाचे वर्षाला २,२२,०००. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तो महिना मोजला जातो. नव्या आयकर कायद्यातला कलमाचा नंबर आणि तपशील सीएकडून तपासून घ्या.

१२ ते २० टन गटाचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात ३५,३१३ रुपये होता. पूर्ण विमा घेताना आयएमटी-२३ घालून घ्या. त्याशिवाय दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेट असल्या भागांचं एकट्याचं नुकसान मिळत नाही, आणि अरुंद रस्त्यावर आधी तेच फुटतं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. फिटनेस संपलेला असताना अपघात झाला तर विमा कंपनीला हात आखडण्याचं आयतं कारण मिळतं.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. 'दोन खोकी केबिनमध्ये ठेव, सावंतवाडीला माणूस येईल' असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तो ओळखीचा असला तरी. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडीच जप्त होते, आणि सोडवेपर्यंत जे दिवस जातात त्यांना ३,२०० ने गुणा. भरलेल्या गाडीचा डाला तुमच्यासमोर बंद होऊन सील लागलेलं असावं.

पैसे हातात येईपर्यंत

भाडं ठरवतानाच चार गोष्टी मोबाइलवर लिहून घ्या: ॲडव्हान्स किती, बाकी किती दिवसांत, हमाली-वराई कोणाची, हॉल्टिंग (गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे) कधीपासून. ॲडव्हान्स निदान डिझेल आणि टोल सुटेल एवढा हवाच. हॉल्टिंग २४ तासांनंतर दिवसाला तुमच्या उभ्याच्या आकड्याने मागा. त्याहून कमी घेतलंत तर गोदाम तुम्ही स्वतःच्या खर्चाने चालवताय. पण हॉल्टिंग मागायला पुरावा लागतो. गेटवर पोचल्याची वेळ बिल्टीच्या मागे रखवालदाराकडून लिहून सही घ्या आणि तिथेच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ती वेळ कोणी लिहून देत नाही.

पोच पावतीवर शिक्का, सही, तारीख, आणि तूट असेल तर ती नगात लिहिलेली हवी. 'माल खराब' एवढंच मोघम लिहिलं असेल तर किती नग, कसे खराब, हे तिथेच लिहून घ्या. फोटो लगेच पाठवा, मूळ कागद कुरिअरने. पोच पोचली नाही हे बाकी अडवायचं सगळ्यात जुनं कारण आहे.

टायर आणि इंजीनसाठी किलोमीटरला चार रुपये वेगळ्या खात्यात टाका, फेरी संपली त्याच दिवशी. ९६० किलोमीटरचे ३,८४० होतात. वरच्या हिशेबात त्यातले बहुतेक चालत्याच्या २३ रुपयांत आलेलेच आहेत. फक्त ते खर्च होईपर्यंत हाताशी राहिले की घरखर्चात जातात. डिझेल नेहमी टाकी फुल ते टाकी फुल मोजा. ॲव्हरेज सलग दोन फेऱ्या अर्ध्या किलोमीटरने पडलं तर हवा, एअर फिल्टर आणि कुठलं चाक ब्रेक धरून ठेवतंय का ते बघा. हबवर हात ठेवला की धरलेलं चाक गरम लागतं.

वहीत फेरीला एक पान. डावीकडे निघाल्याचं आणि आल्याचं किलोमीटर, दिवस, उभे राहिलेले तास आणि कुठे. उजवीकडे डिझेल, टोल, इतर, दोन्ही भाडी. खाली चालत्याचा आणि उभ्याचा खर्च वजा करून जे उरतं ते. शेवटचा रकाना बाकी जमा झाल्याच्या तारखेचा. तो भरल्याशिवाय त्या पानावर रेघ मारू नका. तीन महिन्यांनी पानं चाळली की कोणत्या गोदामात गाडी नेहमी थांबते आणि कोणाची बाकी दोन महिने येत नाही, ही नावं आपोआप वर येतात. त्यांच्या पुढच्या फोनला भाडं तेवढं वाढवून सांगा.